बाथरूमच्या दारामागचं घराणं

तात्यांनी जन्मभर लोकांच्या घरात वायरी ओढल्या, पण कादंबरीतली माणसं त्यांच्या कधी लक्षात राहिली नाहीत. ते खातं बायकोचं. ती जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या मोठ्याने वाचायची, तात्या कुणाचा तरी बिघडलेला पंखा उघडून ऐकत बसायचे आणि मध्येच विचारायचे, "हा कोण गं?"

"अहो, मघाशी मेला त्याचा पुतण्या!" असं म्हणून ती पुढे सरकायची.

गेल्या वर्षी ती गेली. एका सावकार घराण्याची पाच पिढ्यांची कादंबरी अर्धवट राहिली. खूण म्हणून तिने घातलेली केसातली पिन अजून आत तशीच होती.

निदान तिच्यासाठी तरी हे पुस्तक पुरं करायचं, असं तात्यांनी मनाशी घेतलं. पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या पिढीत त्यांची पार दांडी गुल झाली. आजोबांचं नाव नातवाला, नातवाचं त्याच्या पुतण्याला, आणि विचारायला घरात कोणी नाही. शेवटी त्यांनी हातात होती ती विद्या वापरली. एका मोठ्या कागदावर घराण्याचं वायरिंग काढलं. लग्नाला लाल रेघ, रक्ताच्या नात्याला काळी, मेलेल्याला हिरव्या रंगाचं अर्थिंग. लपूनछपून जुळलेल्या संबंधाला तुटक लाल रेघ आणि बाजूला शेरा : 'चोरून कनेक्शन'. त्याच त्या नावांनी घोळ व्हायचा म्हणून नावं लिहिलीच नाहीत; चेहरे ध्यानात राहावेत म्हणून अल्बममधले घरचेच फोटो चिकटवले. गादीसाठी धाकट्या भावाला विष देणाऱ्या थोरल्याच्या जागी चिरंजीव आले, कारण त्या फोटोत ते जरा चिडलेले दिसत होते. मेलेल्या धाकट्याच्या जागी धाकटे चिरंजीव, शेरा : 'भावाने विष दिलं'. थोरल्याच्या बायकोच्या जागी सूनबाई. तिच्यापासून तुटक रेघ निघून दिवाणजीकडे जात होती. दिवाणजी म्हणून त्यांनी शेजारचे मास्तर लावले, कारण रुबाबदार मिशा ओळखीत त्यांच्याच होत्या. दोघांच्या मधोमध नातीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं : 'खरा बाप दिवाणजी. हिला माहीत नाही.' हा कागद बैठकीच्या भिंतीवर लागला, पण तात्यांचं काहीतरी वायरिंग म्हणून घरात कोणी तो जवळून पाहिला नाही.

नातीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा तिनेच पसंत केलेला. रविवारी त्याच्याबरोबर त्याचे आईवडील पहिल्यांदाच घरी यायचे होते.

"तात्या, त्याची आई घराण्याच्या बाबतीत फार काटेकोर आहे हं," नातीने बजावलं. "आज काही गडबड झाली तर माझं सगळं ओमफस होईल."

"मी कशाला गडबड करतोय?" तात्या म्हणाले.

"आधी ते भिंतीवरचं रेघांचं जाळं काढा," सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "पाहुण्यांच्या नजरेला पडेल!"

गुंडाळलं तर फोटो सुटले असते. तात्यांनी घरभर नजर फिरवली आणि बाथरूमच्या दाराची आतली बाजू निवडली. दार दिवसभर उघडं, भिंतीला टेकलेलं. त्याची आतली बाजू कोण बघतंय? बाथरूमचं दार बंदही करतात, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

पाहुणे आले. शेजारधर्म म्हणून मास्तरही मिशांना पीळ देऊन हजर झाले. गप्पा छान रंगल्या. होणाऱ्या विहीणबाई हात धुवायला म्हणून आत गेल्या, आणि परत आल्या त्या वेगळ्याच. आधी त्यांनी नातीकडे पाहिलं, मग मास्तरांच्या मिशांकडे, मग पुन्हा नातीकडे. चिरंजीवांनी अदबीने चहाचा कप पुढे केला.

"घ्या ना. मी स्वतः केलाय."

विहीणबाईंनी कप घेतला आणि हळूच टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवला. मग त्या नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या, "तुम्हीही हात धुऊन या."

व्याही गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

"पाणी गेलं की काय?" सूनबाई कासावीस झाल्या.

व्याही आले आणि चिरंजीवांपासून जरा लांबच बसले. "तुम्हाला एक धाकटे भाऊ होते ना?"

"आहे की! पण तो आता इथे नसतो."

"हं," व्याही खाली मान घालून म्हणाले. "कसा असणार?"

तेवढ्यात तात्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते धडपडत उठले, पण तोवर होणारे जावईबापू आत जाऊन कडी लावून मोकळे झाले होते. तात्या दाराबाहेर घामाघूम होऊन उभे राहिले. जावईबापू आले ते डोळे पुसत, आणि सरळ नातीसमोर जाऊन म्हणाले, "मला काहीही फरक पडत नाही. तू आहेस तशी मला हवी आहेस."

"म्हणजे? मी कशी आहे?" नातीचा चेहरा उतरला.

सगळं मुसळ केरात गेलं, असं तात्यांना वाटलं. बायको असती तर तिने एका वाक्यात सावरून घेतलं असतं. "त्याचं असं आहे..." त्यांनी सुरुवात केली, पण विहीणबाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"काही बोलू नका. मी घराणं घराणं करत आले, पण एवढा प्रामाणिकपणा मी कुठल्याच घरात पाहिला नाही. आलेल्या माणसाला दिसेल असं सगळं लावून ठेवायचं! आणि आम्ही? अहो, आता तुम्हीही सांगून टाका."

व्याह्यांनी घसा खाकरला. "माझे वडील मी लहान असताना परगावी वारले, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. ते वारले नव्हते. तिकडे त्यांनी दुसरा संसार थाटला होता. मला एक सावत्र बहीण आहे. चुकून कुठे भेटली तर मी रस्ता बदलतो."

"मला आत्या आहे?" जावईबापू उभेच राहिले.

"कुठे काय लावून ठेवलंय?" म्हणत सूनबाई तरातरा बाथरूमकडे गेल्या. दार बंद झालं. आणि आतून किंकाळी आली, "तात्या! अहो, निदान माणूस तरी बघून निवडायचा!"

तात्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. कादंबरी, पिन, आणि मध्येच थांबवून विचारायला कोणी उरलं नाही, हेही.

विहीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे तुमच्याकडे तसलं काही नाहीच? आणि आम्ही मात्र सगळं ओकून बसलो!"

"बरं झालं ओकलो," व्याही म्हणाले. त्यांनी पलीकडचा तो कप ओढून घेतला आणि गार झालेला चहा एका दमात प्यायला. "आता मला रस्ता बदलायला नको."

"आत्याला लग्नाला बोलवायचं," जावईबापू म्हणाले. "नाहीतर मीही येणार नाही."

सगळ्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. नातीने तात्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"बोलवा," शेवटी त्या म्हणाल्या. "लग्न थाटात होऊ दे. पण तात्या, मला आधी एक सांगा. त्या विष देणाऱ्याला पुढे कोणी पकडतं की नाही?"

"कुणास ठाऊक. पिनेपर्यंत आलोय. पुढे जाववत नाही."

विहीणबाईंनी पदर सावरला. "पुस्तक आणा इकडे."

त्यांनी पिन अलगद काढून तात्यांच्या हातात दिली आणि त्याच पानापासून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. तात्यांनी डोळे मिटून घेतले. पान संपायच्या आत विहीणबाई अडखळल्या.

"हा दिवाणजी कोण हो?"

"अहो, तिसऱ्या पिढीत चोरून कनेक्शन घेतलं, तो!" तात्या फाडकन म्हणाले, आणि आपण हे कुणाच्या सुरात बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी पिन मुठीत घट्ट धरली.

सगळ्यांच्या माना आपोआप मास्तरांकडे वळल्या. आलेल्यांपैकी अजून बाथरूममध्ये न गेलेले ते एकटेच होते. त्यांनी बिस्कीट बशीत परत ठेवलं आणि मिशा पुसल्या.

"मघापासून बघतोय," मास्तर म्हणाले. "माझ्या तोंडाला काही लागलंय का? जरा आरशात बघून येतो."