जावईबापूंची बुरशी

"मामाजी, यंदा विषाचा एक थेंबही लागणार नाही. अळ्यांचा फडशा माझी बुरशीच पाडेल!"

सौंदडला सासऱ्यांच्या अंगणात जेवता जेवता हेमेंद्रनं हे इतक्या जोरात ठणकावलं, की शेजारचा दुधराम कुंपणावरून डोकावला. किडींना रोग लावणाऱ्या बुरशीवर हेमेंद्रची पीएच.डी. चालू होती. बायको डिंपल सोडून बाकी जगाला तो त्याबद्दल ऐकवायचा, कारण डिंपलनं कधीच कान बंद केले होते.

"बुरशीनं अळी मरते कशी जी?" सासरे उदाराम यांनी विचारलं.

"बुरशी तिच्या अंगावर रुजते, आत शिरते आणि अळी खलास! वरून कापूस फुटल्यासारखी पांढरीफटक!"

"बाप्पा! न मानसाले?" सासूबाईंनी, म्हणजे रुख्मिणीबाईंनी, पदर नाकाला लावला.

"माणसाला काही होत नाही हो, मामी!"

उदारामांच्या धानाच्या दोन बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, शेजारी-शेजारी होत्या. एकीत हेमेंद्रनं बुरशीचं पाणी फवारलं. दुसरी मुद्दाम तशीच सोडून तिथे पाटी रोवली : 'इथे काहीही फवारू नये.' या बांधीत अळ्या मेल्या आणि त्या बांधीत जिवंत राहिल्या, की बुरशीचा गुण सिद्ध! पाहणीला खुद्द त्याचे मार्गदर्शक सर येणार होते. त्यांना फरक दिसला नाही तर विषयच बदलावा लागणार, म्हणजे आजवरची सगळी मेहनत पाण्यात. हे सगळं सासऱ्यांना समजावून हेमेंद्र आमगावला परतला. सासऱ्यांनी मान डोलावली होती. जावई बोलत असताना त्या घरात मान डोलावण्यापलीकडे कुणी काही करतच नसे.

पाहणीचा दिवस उजाडला. सर बुरशीच्या बांधीत वाकले. एकही अळी नाही! हेमेंद्रची छाती फुगली. मग सर पाटीच्या बांधीत वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हेमेंद्र, इथेही अळी नाही."

"असं कसं होईल, सर!"

हेमेंद्र चिखलात गुडघे टेकून पानं उलटीपालटी करू लागला. धान नवरदेवासारखं नटून उभं होतं! आणि वास येत होता. कीटकनाशकाचा.

"मामाजी, इथे कुणी फवारलं?"

उदारामांनी टोपी सारखी केली. "आता लपवून काय करू? परवा मीच मारलो जी."

"पण पाटी लावली होती ना!"

"त्या पाटीनंच त घात केला! येणारा-जाणारा वाचून हासून राहिला. म्हणे, उदारामचा जावई धान लावते न अळ्या पोसते! जावयाची बेइज्जती मी कायले ऐकून घेऊ?"

"आणि त्या बुरशीच्या बांधीतल्या अळ्या?" सरांनी विचारलं.

"त्या म्या येचल्या," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "जावईबापू गेले न मी लागली. बुरशीवर भरवसा हाये जी, पन येकांदी राहून गेली असती त?"

सरांनी कपाळाला हात लावला. "बरं, शेजारची एखादी न फवारलेली बांधी तरी दाखवा."

हेमेंद्रचा जीव भांड्यात पडला. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या पल्याड, दुधरामची बांधी होती आणि दुधरामचा आळस गावभर प्रसिद्ध होता. सगळे तिकडे धावले. तीही लख्ख! आणि दुधराम तिथेच ऐटीत उभा!

"दुधरामकाका, तुम्हीसुद्धा?"

"त मंग! जावई काय एकल्या उदारामचा हाये? गावाचा हाये! तुमचे सायेब येऊन राहिले म्हणून जलमात पयल्यांदा फवारलो मी!"

हेमेंद्र मटकन धुऱ्यावर बसला. त्याला भयंकर राग आला होता. पण तेवढ्यात रुख्मिणीबाईंच्या हातांवर धानाच्या पात्यांनी उठलेले ओरखडे दिसले आणि राग कुठल्या कुठे पळाला. एवढी माया करणाऱ्यांवर ओरडायचं तरी कसं?

"बाई, वेचलेल्या अळ्या टाकल्या कुठे?" सरांनी विचारलं.

"हायेत ना डब्यात. कोंबड्याइले टाकली होती, पन कोंबड्या तोंडच लावत नाईत!"

डबा आला. झाकण उघडलं आणि हेमेंद्र उडालाच. आत सगळ्या अळ्या पांढऱ्याशुभ्र, कापसात लोळल्यासारख्या!

सर त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "बुरशी कामाची आहे. विषय बदलायला नको. पण डब्यातला प्रयोग ग्राह्य धरता येत नाही. पुढच्या खरिपात पुन्हा करा. आणि हो, जिथे तुम्हाला कुत्रंही ओळखत नाही अशा गावात!"

"चिचगड, सर!" हेमेंद्र ताडकन उठला. "तिथे माझं कोणी म्हणजे कोणीच नाही!"

चहाची किटली घेऊन धुऱ्यावरून येणाऱ्या डिंपलनं नेमकं आजच कान उघडे ठेवले होते.

"अवो, चिचगडले त माही मोठी मावशी राहते!" ती आनंदानं ओरडली. "आई, तिले आत्ताच फोन लाव! म्हण, जावई येऊन राहिले, बांधीत एक किडा दिसला नाई पायजे!"