आजीचा परका पेशंट

साथीच्या दिवसांत दवाखान्यात नातेवाइकांना मज्जाव होता. पण आजोबांनी अन्नाला तोंड लावणंच सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी नाक मुठीत धरून आजीला बोलावलं. पेशंट जेवत नसेल तर घरचं एक माणूस, तेही भरवण्यापुरतं, एवढी सवलत नियमात होती.

आजीला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या अंगरख्यात कोंबलं, वर भलामोठा चष्मा चढवला. वॉर्डात शिरेपर्यंत त्यावर वाफ धरली. सिस्टर खाट दाखवायला पुढे झाली, तर आजीने तिला वाटेतच थोपवलं. "उभा जन्म काढलाय त्यांच्याबरोबर. नवरा काय दुसऱ्याने दाखवायचा असतो?"

खिडकीजवळ एक टक्कल दिसलं. आजीने तिथे बसकण मारली, मऊ भाताचा डबा उघडला आणि तोंडाचा पट्टा सोडला. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला, आणि हे इथे अन्नावर रुसलेत. ही मिजास दाखवायची कोणाला? बोलता बोलता ती घास पुढे करत गेली, टक्कल मुकाट जेवत गेलं. डबा संपल्यावर ते हळूच म्हणालं, "चुकलं माझं."

आजीचा हात थांबला. एवढ्या संसारात हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं. तिने चष्मा पुसला. माणूस परका होता.

शेजारच्या खाटेवरून खरखरीत आवाज आला. "माझा डबा होता तो."

"मग इतका वेळ गप्प का पडलात?"

"बरं वाटत होतं. बोलणी दुसरा खात होता." आजोबांनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं. "भूक लागलीय गं."

आजीचे डोळे भरून आले, पण ते चष्म्याआड खपून गेलं. सिस्टरने धावत दवाखान्यातलं ताट आणलं, आजोबांनी ते चाटूनपुसून साफ केलं. उद्या काय करून आणू, असं आजीने तोऱ्यात विचारलं, तर सिस्टर चाचरली. आजोबा आता जेवायला लागले होते. म्हणजे सवलत संपली. उद्यापासून आजीला प्रवेश नाही.

आजीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात तो परका म्हातारा उठून बसला. त्याच्या मागेपुढे कोणी नव्हतं. दाखल झाल्यापासून त्याला रागवायलाही कोणी आलं नव्हतं.

"सिस्टर, उद्यापासून मी जेवणार नाही," तो म्हणाला. "घरचं माणूस म्हणून या बाईंना बोलवा."

"नातं काय लिहू?"

"बहीण लिहा," आजोबा घाईघाईने म्हणाले.

आजी खाटेवर पुन्हा ऐसपैस बसली. "दादा, सोडायचंच तर दोन्ही वेळचं सोडा," ती म्हणाली. "एका जेवणात माझं बोलणं आटपायचं नाही."