पियानोतला पाला

करुणाने नांदेडच्या एका बंद पडलेल्या शाळेतून जुना पियानो डोंगरकडा गावातल्या घरी आणला, त्या दिवशी जेवताना ती एवढंच म्हणाली, की आतल्या हातोड्यांवर दाबलेल्या लोकरीचा नमदा असतो आणि त्याला कसर लागली की पियानो गेला. तिचे वडील मुंजाजी यांनी ते मनावर घेतलं. पण चांगल्या कामाची दवंडी पिटायची नसते, म्हणून कुणाला काही बोलले नाहीत.

महिनाभराने तिला हिंगोलीच्या एका शाळेत संगीत शिक्षिकेच्या जागेसाठी वाजवून दाखवायचं होतं. ती रोज सरावाला बसे आणि पियानो रोज आदल्या दिवसापेक्षा दबका बोले. बिचारी स्वतःच्या बोटांना दोष देत राहिली. आठवड्यात ती बोटं आपटू लागली, तिसऱ्या आठवड्यात खांद्यापासून जोर लावू लागली. तेवढ्या जोरात भाकरी थापल्या असत्या तर अख्खं गाव जेवलं असतं.

हिंगोलीला जायच्या आदल्या दिवशी वैतागून तिने वरचं झाकण उघडलं. हातोड्या आणि तारांच्या मधे कडुलिंबाचा वाळका पाला गच्च भरला होता.

"बाबा, हे काय करून ठेवलं?"

"कणगीत टाकतो तसा टाकला. रोज मूठ-मूठ. एक तरी किडा दिसून राहिला का?"

"किड्यासंगं आवाज बी मेला ना."

संध्याकाळपर्यंत तिने पाला उपसला. पाला निघाला, पण हाताची सवय काही निघेना.

हिंगोलीच्या शाळेतल्या पियानोच्या पट्ट्या फुलासारख्या हलक्या होत्या. करुणाने अंगाई सुरू केली आणि पहिल्याच सुराला मुख्याध्यापिका मिराबाईंचा चहा बशीत सांडला. तिने हात आवरायचा प्रयत्न केला, पण हात ऐकेनात. निजलेलं लेकरू खडबडून उठेल अशी ती अंगाई झाली. नोकरी गेली, असं मनाशी म्हणत आणि वडिलांच्या काळजीला कोसत ती उठली. मिराबाईंनी कारण विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं.

"हॉलमधी सहाशे लेकरं बसतात, अन् माइक रोज बंद," मिराबाई शांतपणे म्हणाल्या. "मला असाच हात पाहिजे होता. सोमवारपासून या. परीक्षेच्या दिवसांत तेवढा बाबांकडून थोडा पाला मागवून घ्या."

घरी येऊन तिने ते सांगितलं. मुंजाजी पाला ओढायची आकडी घेऊन कडुलिंबाकडे निघाले.

"बाबा, परीक्षा मार्चमधी हाय."

"वाळायला टाइम लागतो, करुणे."