पंखातला हात

बापू सुभेदार माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, मनगटाकडे बघतात. कुणी पाया पडायला वाकलं, की आशीर्वादाआधी त्याच्या मनगटाभोवती स्वतःचा अंगठा आणि मधलं बोट फिरवतात. बोटं जुळली नाहीत, की त्या माणसातला त्यांचा रस संपला. शेजारच्या लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाचं मनगट असंच मोजलं आणि "न्हाई जमत," म्हणून जेवायला निघून गेले. वधूपक्षात अर्धा तास नुसती कुजबुज.

कारण एवढंच, की बापू विमान बांधतायत. आष्ट्यात, म्हशींच्या रिकाम्या गोठ्यात, दोन माणसांचं. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी ऊस पुतण्याला वाट्यानं दिला आणि परदेशातून नकाशे मागवले. परवानगीचं विचारलं तर म्हणतात, "आदी उडण्याजोगं तरी हूं दे."

सगळी अडचण रिव्हेटची. पंखाच्या ॲल्युमिनियमच्या फासळ्या रिव्हेटांनी जोडतात. रिव्हेट भोकात घालायचं, त्याचा खिळा चिमट्यानं ओढायचा, टक्कन तुटला की जोड पक्का. पण पंखाच्या टोकाच्या बेचक्यात चिमट्याचं तोंड सरळ टेकत नाही, आणि वाकडं ओढलं की रिव्हेट ढिलं बसतं. त्यावर बापूंनी ऊसतोडीच्या कोयत्याच्या पात्यातून भोक असलेली एक इवलीशी पाचर घासून काढली होती. ती खिळ्यावर चढवली, की चिमटा तिरका धरूनही नीट ओढता येतं. फक्त ती नेणारा हात फासळीत वजन कमी करायला ठेवलेल्या गोल भोकातून आत जायला हवा, आणि बापूंचं मनगट म्हणजे उसाचं पेर.

मी शाळेत क्लार्क. बायकोच्या बांगड्या मला होतात. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, तिनंच गल्लीत सांगितली. दुसऱ्या दिवशी बापू दारात. बोटं मनगटाभोवती फिरली आणि एकमेकांवर चढली.

"रविवारी ये. पत्रा ठोकून पंख झाकला की तुला सुट्टी."

पहिल्याच रविवारी माझा हात पंखात अडकला. ओढला, पिळला, बापूंनी म्हशीच्या सडाला लावायचं तेल ओतलं. गोठ्याच्या दारात माणसं जमली.

"हात कापाय लागतोय का काय," कुणीतरी म्हणालं.

"पंख कापायचा न्हाई," बापू म्हणाले.

शेवटी त्यांनी विचारलं, "मुठीत काय हाय रं?"

"पाचर. पाडू नको म्हणाला होतात."

"आरं मूठ सोड की गड्या, मग हात निघंल."

निघाला. तेव्हापासून बाजारात मला लोक आधी मूठ उघडायला सांगतात, मग भाजी देतात.

मग सुरू झालं बापूंचं 'नामंजूर'. मी आठ रिव्हेटं मारायची, बापूंनी टॉर्च लावून तीन-चारांवर काठीला बांधलेला लाल खडू ओढायचा. "नामंजूर. ढिली हायेत. फुडल्या रविवारी काढून परत मारू." दिवाळी गेली, संक्रांत गेली. घरी बायको म्हणायची, "एवढ्यात कारखान्याचा हंगाम संपत आला, तुमचा पंख काही झाकंना." मला स्वतःच्या हाताची इतकी लाज वाटायला लागली, की शाळेत शिक्कासुद्धा जपून मारायचो.

फाल्गुनात बापूंचे जुने सोबती, दहिवडीचे नाना हवालदार, विमान बघायला आले. बापू फोन आला म्हणून अंगणात गेले होते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दोन वर्षांपूर्वी नातू सांभाळायला पुण्याला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. रविवारी फोन करतात. नानांनी दातांच्या डॉक्टरचा असतो तसला आरसा आत घातला.

"लाल खुणा कसल्या?"

"ढिली आहेत. माझी चूक," मी म्हणालो.

नानांनी परत बघितलं. "ही हत्तीनं वडली तरी निघायची न्हाईत. कोन म्हनलं ढिली?"

"बापू."

"वर्कशॉपात ह्यो मानूस नुसत्या आवाजावर ढिलं रिव्हेट वळकायचा," नाना अंगणाकडे बघत सावकाश म्हणाले. मग आरसा पुसून खिशात ठेवला.

बापू दारात उभे होते. फोन संपलेला होता. कुणाकडेच न बघता म्हणाले, "झाकू मग फुडल्या रविवारी."

पुढच्या रविवारी गेलो, तर पत्रा मापात कापून तयार. बापूंनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, लाल खुणा पुसलेल्या. "तुझं लय रविवार खाल्लं," ते म्हणाले. "जा आता. बायकू वाट बघत आसंल."

बायको खरंच वाट बघत होती, सांगलीला जायचं ठरलं होतं. मी बाह्या सारल्या, हात फासळीतून आत घातला आणि उगाच चाचपत राहिलो.

"बापू, हे कोपऱ्यातलं मला जरा ढिलं लागतंय."

बापू जवळ आले. गुडघ्यावर बसले, टॉर्च लावली, आत बराच वेळ बघत राहिले. बाहेर उसाचा रिकामा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत.

"व्हय," ते म्हणाले, "काढायलाच पायजे."

आणि लाल खडू शोधायला उठले.