बुधवारचे केस

किर्तीने आठवड्यातून किती वेळा डोक्यावरून न्हायचं, हा प्रश्न तिच्या लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी निकालात निघाला होता. सासूबाईंनी, म्हणजे राजाबाईंनी, बोटांवर वार मोजून दाखवले. सोमवारी न्हायलं तर घराला जड. बुधवारी भावाला जड. गुरुवारी लक्ष्मी पाण्याबरोबर मोरीतून निघून जाते. शनिवारी नवऱ्याच्या मागे साडेसाती. उरले मंगळवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातून चतुर्थी, एकादशी, अमावस्या आणि उपवास वजा करायचे.

"मग उरलं काय, आई?" किर्तीने विचारलं होतं.

"उरतं त्यात भागवायचं. माझे बघ."

राजाबाईंचे केस बघण्यासारखे होतेच. साठीला आलेल्या या बाईच्या मानेवर नारळाएवढा काळाभोर अंबाडा असे. बुवापाड्यात तीस वर्षं काढली, तेव्हा आळीतल्या बायका त्यांचा शब्द प्रमाण मानत. मुलाने, संतोषने, चिखलोलीला नवीन इमारतीत नवव्या मजल्यावर घर घेतलं, तरी तिकडून फोन यायचे. "राजाक्का, पोरीला परवा न्हाऊ घालू का?" राजाबाई कॅलेंडर न बघता उत्तर द्यायच्या.

किर्तीची अडचण वेगळी होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये ती नमुने तपासायची. संध्याकाळपर्यंत डोक्याला असा वास यायचा की संतोष भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, दिवसाआड धुवा. उल्हासनगर कॅम्प पाचमधली पार्लरवाली म्हणाली, "हफ्ते में दोन बार बस हां, नाहीतर पूरा ड्राय होईल." मोबाइलमधली एक गोरीगोमटी मुलगी तर म्हणत होती की महिन्यातून एकदाच. शेवटी एका बुधवारी राजाबाई देवळात गेल्याचं बघून किर्तीने दाराला कडी लावली आणि चोरून डोकं धुऊन घेतलं.

पुढच्या बुधवारी ते सुरू झालं.

त्या दिवशी लॅबची वीज गेली म्हणून ती भरदुपारीच घरी आली. सोळा मजल्यांच्या त्या इमारतीत माणसं राहत होती जेमतेम अकरा घरांत. बाकीच्या दारांना अजून प्लास्टिक गुंडाळलेलं होतं, आणि डक्टमधून वारा आला की सगळं प्लास्टिक एकदम श्वास घेतल्यासारखं फुगायचं. लिफ्ट तिला सोडून खाली गेली, मग कोणी न बोलावता परत वर आली, दार उघडून जराशी थांबली आणि मिटली.

किर्तीने न्हाणीघरात पाऊल टाकलं तर फरशी ओली. शिकेकाईचा वास. मोरीच्या जाळीत एक केस अडकलेला. तिने चिमटीत धरून ओढला. तो आला, आणि येतच राहिला. हात कोपरापर्यंत वर गेला, खांद्यापर्यंत गेला, तरी दुसरं टोक जाळीतच होतं. शेवटी सुटला तेव्हा तो तिच्या कमरेखाली लोंबत होता. काळा कुळकुळीत. तिचे स्वतःचे केस खांद्यापर्यंतच होते, आणि तेही तांबूस.

"आई, तुम्ही न्हायलात का आज?"

राजाबाई हॉलमध्ये तांदूळ निवडत होत्या. "आज वार काय?"

"बुधवार."

"मग?"

किर्तीने त्यांच्या अंबाड्याकडे पाहिलं. कोरडा ठणठणीत. तिने तो केस पुढे धरला. राजाबाईंचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला आणि मांडीवरचं सूप कलंडलं.

"ह्यो या घरातल्या कोनाच्या डोक्यावर उगवलेला केस नाय," त्या हळूच म्हणाल्या. "देवाशपथ सांगते." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "मागल्या बुधवारी तू न्हायली व्हतीस ना? तुझी उशी वली व्हती."

किर्तीच्या अंगावर काटा आला.

शनिवारी तिला सुट्टी होती. विरजण आणायला ती समोरच्या फ्लॅटमध्ये वृंदाकाकूंकडे गेली. एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या श्रीपादरावांच्या या बायकोने तरुणपणी अंबरनाथभर अंधश्रद्धेवर व्याख्यानं दिली होती. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडायची आणि बरोबर समोर किर्तीच्या घराची ड्राय बाल्कनी दिसायची.

"तुमच्याकडे पाहुणी आली आहे का गं?" विरजण काढता काढता वृंदाकाकूंनी विचारलं.

"नाही तर. का?"

"मग ती कोण?"

किर्तीने पाहिलं. बाल्कनीत एक बाई पाठमोरी उभी होती. डोक्यावर पंचा, आणि पंच्याखालून मोकळे सोडलेले, ओलेचिंब, कमरेच्याही खाली गेलेले केस. खालचं काही कठड्याआड. टोकांवरून पाणी ठिबकत होतं. टप्, टप्, डक्टच्या तळापर्यंत तो आवाज जात होता. बाई हलत नव्हती. इतकी हलत नव्हती, की जिवंत माणसाला तसं उभं राहताच येणार नाही.

"अहो बाई!" वृंदाकाकूंनी हाक मारली. "कोण आपण?"

डक्टमधून वारा आला. केस हळूच वळले, पुन्हा वळले, जणू आता तोंड इकडे होणार. किर्तीने तोंड दिसायची वाट पाहिली नाही. दोघी धावत सुटल्या. किल्ली कुलपात जाईना, गेली तर फिरेना. दार उघडलं तर राजाबाई देव्हाऱ्यासमोर बसलेल्या, धाप लागलेली, अंबाडा जागच्या जागी आणि कोरडा. बाल्कनीत कोणी नाही. नुसती दोरी हलत होती, आणि खाली पाण्याचं थारोळं.

"आई, इथे कोण होती?"

"कोनी बाई नवती," राजाबाई दम खात म्हणाल्या. "आईशपथ, कोनी बाई नवती."

त्या संध्याकाळी वृंदाकाकूंच्या दाराला लिंबू-मिरची लागली.

मग गोष्ट इमारतीची झाली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर त्या केसवालीला हिरवी साडी वॉचमन भगवानने नेसवली. बांगड्या बाराव्या मजल्याने भरल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर तिला लिफ्टमध्ये केस पिळताना पाहिलं. घर बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं गेटवरूनच परत गेली. आणि हे सगळं कशामुळे, तर नवव्या मजल्यावरची सून बुधवारी न्हायली म्हणून. ते बाहेर कसं फुटलं कोणास ठाऊक. पण भाजी घेताना बायका किर्तीच्या डोक्याकडे बघायच्या आणि आपली पोरं जवळ ओढायच्या.

"आपण परत बुवापाड्याला जाऊ," संतोष म्हणाला. "इधर नहीं रहने का. तुला साला एक वार पाळता येत नाही?"

"माझ्या डोक्याचा तुझ्याच नाकाला वास येतो म्हणून न्हायले ना मी!"

"म्हणजे आता माझ्या नाकामुळे भूत आलं?"

दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संतोषने बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यावरच्या कौसाबाईला बोलावणं धाडलं. असलं काही उतरवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. रविवारी सकाळी येते म्हणाली, आणि फोनवरच एक अट घातली. "घरातल्या समद्या बायांनी केस सोडून बसायचं. येनी नको, अंबाडा नको. केसाची बाई केसातच लपते."

हे ऐकलं आणि राजाबाईंनी ताटातला हात काढून घेतला. ताप आहे म्हणाल्या, थर्मामीटर नाही म्हणाला. गावाला जाते म्हणाल्या, पिशवी भरली, संतोषने ती परत रिकामी केली. "तूच अशी घाबरलीस तर आम्ही काय करायचं, आई?"

शुक्रवारी सकाळी किर्तीला बादलीच्या कडीला गुंडाळलेला आणखी एक केस सापडला. तिने तो कागदाच्या पुडीत घातला आणि लॅबमध्ये नेला. का नेला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. नमुना आला की तपासायचा, ही सवय. जेवणाच्या सुट्टीत कोणी नसताना तिने तो चिमट्यात धरला आणि बर्नर पेटवला.

माणसाचा केस जळतो तेव्हा पिसं जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. हा केस जळला नाही. आक्रसला, वळला, आणि टोकाला काळा चकचकीत मणी होऊन बसला. वास आला जळक्या प्लास्टिकच्या पिशवीचा.

किर्ती त्या मण्याकडे बघत राहिली. भूत नायलॉनचं होतं.

ती एकटीच खदखदून हसली. खोट्या केसांचं गंगावन! एक मानेवर, दुसरं धुण्यात. एक बाल्कनीतल्या दोरीवर पंच्याखाली वाळेपर्यंत दुसरं अंबाड्यात. ज्या वारी या घरात कोणी न्हायची शक्यताच नाही, त्या वारी आईंच्या गंगावनाचं न्हाणं. आणि शपथ घेताना बाई एक अक्षरही खोटं बोलली नव्हती. मग तिला आठवलं, संतोष कधीतरी म्हणाला होता, दोन वर्षांपूर्वी आईला टायफॉइड झाला, महिनाभर अंथरुणात होती, पण कोणाला वेणी घालू दिली नाही. संतोषने रिकामी केलेली आईंची पिशवीही आठवली. किर्तीचं हसू आपोआप थांबलं.

रविवारी हॉलचे पडदे ओढले होते. धुपाने डोळे चुरचुरत होते. मध्ये हळद-कुंकवाचं रिंगण, पलीकडे कौसाबाई, कपाळभर मळवट. भिंतीला टेकून इमारतीतल्या सहा बायका, सगळ्यांत पुढे वृंदाकाकू. किर्तीने केस सोडले होते. राजाबाई डोक्यावरून पदर घेऊन, अंबाडा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

"सोड, म्हातारे," कौसाबाई म्हणाली.

राजाबाईंनी मान हलवली.

"सोड! तिथंच बसलीय ती!" कौसाबाई उठली आणि तिने अंबाड्याकडे हात नेला. राजाबाईंनी डोळे मिटले.

"हात लावू नको!"

आवाज किर्तीच्या तोंडून आला होता. काय करायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं. ती पुढे वाकली, केस तोंडावर आले आणि तिने गरागरा मान फिरवायला सुरुवात केली. बायका किंचाळल्या.

"कोन तू?" कौसाबाईने दरडावलं.

"काशी!" हे नाव आपल्याला कुठून सुचलं, याचं किर्तीलाच नवल वाटलं. आवाज घोगरा होता, पोटातून येत होता, आणि क्षणभर तिला वाटलं की आपण थांबायचं म्हटलं तरी तो थांबणार नाही.

"काय पायजे तुला?"

"न्हायचंय! या सुनेच्या डोक्यावरून न्हायचंय! वार बघायचा नाही! गरम पाणी पाहिजे! शाम्पू पाहिजे!"

"कुठला?" वृंदाकाकूंनी भीतभीत विचारलं.

"सौम्य!" काशी गरजली. "आणि या म्हातारीच्या अंबाड्यात माझा जीव आहे. त्याला जो हात लावील, त्याच्या घरी येईन न्हायला!"

कौसाबाईने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. सहा बायका सरकत सरकत दारापर्यंत पोचल्या. संतोषने हात जोडले. "न्हा, बाई. रोज न्हा. मी स्वतः गीझर लावतो."

लिंबू कापलं गेलं, नारळ फुटला, आणि किर्ती रीतसर आडवी पडली.

दुपारी संतोष कौसाबाईला सोडायला गेला. घर शांत झालं. न्हाणीघरातून हाक आली, "किर्ती, जरा इकडं ये."

राजाबाई स्टुलावर बसल्या होत्या. खुंटीवर दोन गंगावनं शेजारी शेजारी टांगलेली. त्यांच्या डोक्यावर मक्याच्या कणसाच्या तुऱ्याएवढे पांढरे, विरळ केस होते आणि मधून गुलाबी कातडी दिसत होती. पदराशिवाय त्या एकदम लहान दिसत होत्या.

"कवा कळलं तुला?"

"शुक्रवारी."

"कोनाला बोललीस?"

"नाही."

राजाबाईंनी नळाकडे पाहिलं. "तापात गेले गं. मूठ-मूठ आले हातात. तवापासून पानी घ्यायची भीती वाटते. नुस्ती आत जाऊन नळ सोडून बसते. हायेत ते पन गेले तर?" त्यांनी नाक पुसलं. "तू शिकलेली हायेस. सांग बघू. मानसानं किती दिवसांनी न्हायचं असतं?"

किर्तीने पाण्यात हात घालून बघितला, थोडं गार मिसळलं आणि बाह्या वर सारल्या. पहिला तांब्या तिने अगदी सावकाश ओतला. मग टाळूवर बोटं नुसती टेकवून फिरवली.

"जरा जोरात चोळ," राजाबाई डोळे मिटून म्हणाल्या. "भितेस काय येवढी?"