कुलपाला एक हिसका

उज्ज्वला आणि तिची आई उषाबाई हल्ली घरातून कामाला वेळेवर निघत. वडील बन्सीलाल होते तोवर हे कधी जमलं नव्हतं. भेस्तानच्या घरातून निघताना ते गॅस पाहत, नळ पाहत, कुलपाला हिसका देत आणि अर्ध्या जिन्यावरून पुन्हा वर जात. "रिक्षा पळी जाई!" उषाबाई खालून ओरडत. आणि ती जाईच. उन्हाळ्यात बन्सीलाल गेले. तेव्हापासून एकही रिक्षा चुकली नव्हती.

उज्ज्वला कापड रंगवणाऱ्या यंत्रांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची. शेवटी बापाचीच लेक. कोडमध्ये पावलोपावली तपासणी. ही जागा मोकळी आहे का? हा आकडा खरा आहे का? उत्तरं देता देताच यंत्र दमून जाई.

"उज्ज्वलाबेन, हे मशीन कापड रंगवतं की इंटरव्ह्यू देतं?" तिचे साहेब धर्मेंद्रभाई म्हणाले. "उद्या दुपारी पलसाण्याचे शेठ येतात. स्पीड दिसला नाही तर ऑर्डर गेली. ते तपासणीचे डीबग चेक काढ."

"सगळे?"

"नाही, दोन देवापुढे ठेव!"

तिने सगळे काढले. यंत्र सुसाट सुटलं आणि गुलाबी कापड चट्टे घेऊन बाहेर आलं. चूक शोधायला तिने तपासण्या परत घातल्या, तर कापड निर्मळ. काढल्या, की चट्टे.

"म्हणजे आपलं लक्ष नसलं की बिघडतं?" धर्मेंद्रभाईंनी कपाळाला हात लावला. "माझा जावईच आहे हा!"

सकाळी मायलेकी निघाल्या. अर्ध्या जिन्यात उषाबाई थबकल्या. "थांब वं माय, चष्मा राही गया!"

"आई, रोज काहीतरी राहतं. पूर्वी नव्हतं राहत."

"पहिले तुना बाप गॅस पाहे ना. तेवढामा माले समदं याद ये."

उज्ज्वला कठड्याला धरून उभी राहिली. कोडमधल्या तपासण्यांनीही एकही चूक पकडली नव्हती. त्यांनी फक्त वेळ खाल्ला होता, आणि तेवढ्यात पाण्याची झडप उघडत होती. तपासण्या गेल्या, तशी रंगाची झडप पाण्याच्या आधी उघडू लागली आणि चट्टे पडू लागले.

ऑफिसात पोचताच तिने एकच तपासणी ठेवली: पाणी आल्याशिवाय रंग सोडायचा नाही. शेठना वेग दिसला, गुलाबीही दिसला. ऑर्डर राहिली.

दुसऱ्या दिवशी उषाबाई खाली पोचल्या, तरी उज्ज्वला वरच होती.

"कुलूप लागेल शे ना?"

"हो."

"मंग काय करस?"

"काही नाही," म्हणत तिने कुलपाला हिसका दिला. मग आणखी एक.

खालून रिक्षा निघून गेल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आईचा:

"बरं व्हयनं! मना डबा वरच शे."