बिरजाबाईचं गोंदण

आमच्या शेजारच्या बिरजाबाई माणसाच्या आधी त्याचा कपडा बघतात. साध्या कपड्यातल्या माणसाला लगेच खाट आणि चहा. कपड्यावर काही छापलेलं असलं की मात्र चौकशी. एकदा विमा विकणारा माणूस वाघाच्या पट्ट्यांचा शर्ट घालून आला. बिरजाबाईंनी त्याला दारातच अडवलं.

"वाघाले विचारलं का?"

तो हसला. त्या हसल्या नाहीत. शेवटी बिचाऱ्याने शर्ट उलटा करून घातला, तेव्हा कुठे त्याला बसायला मिळालं. विमा काही विकला गेला नाही.

माझ्या नवऱ्याच्या लुंगीवर हिरवी पानं आहेत. ती कुठल्या झाडाची, ते बिरजाबाईंनी विचारल्यावर ह्यांना सांगता येईना. "झाडाचं नाव नाई ठाऊक अन् पानं नेसून राहिले," हे मग अर्ध्या सालेकसा गावाने ऐकलं. मी इथल्या शाळेत शिकवते, एकरंगी सुती साड्या नेसते. त्यामुळे 'मास्तरीनबाई' अजून पास आहे.

लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं सरकलं. सरकलं असेल. पण कशाने, ते मी पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी गोंडांच्या कचारगडच्या जत्रेत पुण्याच्या एका तरुण डिझायनर मुलीला बिरजाबाईंचे हात दिसले. कोपरापासून मनगटापर्यंत निळंकाळं गोंदण. मुलगी मागोमाग घरीच आली. गुणाची वाटली. चपला बाहेर काढल्या, जमिनीवर बसून भात खाल्ला, फोटो काढू का म्हणून रीतसर विचारलं. बिरजाबाईंनी हसत दोन्ही हात पुढे केले. फक्त डाव्या मनगटावरच्या एका खुणेवर त्यांनी तळवा ठेवला.

"हे नको घेऊ. हे घरचं होय."

"नाही घेणार आजी," मुलगी म्हणाली. मी तिथेच बसले होते.

मग एका सुट्टीत माझी भाची गोंदियाहून नवीन कुर्ता घालून आली. बिरजाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, भाचीची बाही धरली आणि आपलं मनगट तिच्या शेजारी लावलं. गळ्यापासून घेरापर्यंत तीच खूण छापलेली. बाकीचं गोंदण कुठेच नव्हतं. भाची आत गेली आणि माझा गाऊन घालून बाहेर आली. कुर्त्याच्या चिठ्ठीवर त्या पुण्याच्या मुलीचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'प्रेरणा: जंगल'. जंगलाचं एक बरं असतं. ते भांडायला येत नाही.

मी फोन लावला. मुलगी फार गोड बोलली. हा तर तुमच्या कलेचा सन्मान आहे, आता लोक तुम्हाला ओळखतील, आजींना एक ओढणी भेट पाठवते, असं बरंच काही. बिरजाबाईंनी फोन मागून घेतला.

"मी नाई म्हणलं होतं."

"हो आजी, पण तीच सगळ्यांत सुंदर होती ना."

बिरजाबाईंनी फोन माझ्या हातात परत दिला. ओढणी खरंच आली, छान कागदात गुंडाळून. तिच्यावरही तीच खूण. फेकता येईना, पांघरता येईना. ती तशीच पेटीच्या तळाशी गेली आणि दारावरची चौकशी सुरू झाली.

हा म्हातारीचा हट्ट आहे, असं मीही धरून चालले होते. यंदाच्या माघात त्यांनी मला जत्रेला सोबत नेलं. देवदर्शन झाल्यावर त्या थेट मशीन घेऊन बसलेल्या गोंदणाऱ्यापुढे जाऊन बसल्या आणि जुन्या खुणेखाली एक नवी काढून घेतली. या वयात हा त्रास कशाला, असं मी येताना ऑटोत विचारलं.

तेव्हा कळलं. त्यांना एक मुलगी होती, सुकवारो. ती खूण दोघी मायलेकींनी एकाच दिवशी गोंदून घेतली होती. पुढच्या पावसाळ्यात पोर तापाने गेली.

"मेल्यावर दागिने अठीच राह्यते. गोंदण संग जाते," बिरजाबाई म्हणाल्या. "वर गेल्यावर पोरगी हात पाहूनच मायले ओळखते. आता गावोगावच्या बायांच्या अंगावर तोच हात हाये. लेकरू कोणाच्या मांगं जाईल?"

गावाच्या अलीकडे त्यांनी ऑटो थांबवला. मोहाच्या झाडांखाली सुकवारोच्या नावाचा एक उभा दगड आहे, त्याच्यापाशी त्या बसल्या. पदर बाजूला सारून सुजलेला हात दगडासमोर धरला आणि बराच वेळ गोंडीत बोलत राहिल्या. मला गोंडी येत नाही.

नवी खूण मी पाहिली आहे. ती कशी आहे, ते इथे लिहिणार नाही.